अक्षरं वाचली, गुरुजींचं काय?

*नामशेष होत चाललेल्या लिप्यांना मोबाइलमध्ये जागा मिळतेय, ही चांगली बातमी आहे. पण त्या लिप्या घडवणारी आणि शिकवणारी माणसं तुरुंगात किंवा निर्वासितांच्या छावणीत असतील, तर नेमकं वाचलं काय?*

२०२५च्या सप्टेंबरमध्ये युनिकोडची सतरावी आवृत्ती आली. आपल्यापैकी बहुतेकांना त्यातले नवे इमोजी तेवढे माहीत असतील. पण त्याच यादीत चार लिप्याही होत्या. त्यातली एक आपल्या झारखंडची, तोलोंग सिकी. कुडुख भाषा बोलणाऱ्या उरांव आदिवासींसाठी नारायण उरांव या डॉक्टरांनी ती तयार केली. दुसरी बेरिया एर्फे. ती सुदान आणि चाडच्या सीमेवर राहणाऱ्या झगावा लोकांची.

या दुसऱ्या लिपीची गोष्ट भारी आहे. झगावा लोक उंट पाळतात. उंट कुणाचा ते ओळखता यावं म्हणून त्याला डाग देतात आणि प्रत्येक कुळाची डागाची खूण ठरलेली असते. १९५०च्या दशकात आदम ताजिर नावाच्या एका शाळामास्तरांनी या खुणांवरूनच आपल्या भाषेची अक्षरं बनवली. पुढे २००० साली सिद्दिक आदम इसा या गुरांच्या डॉक्टरांनी ती नव्याने बांधली. उंटाच्या पाठीवरून कागदावर आणि कागदावरून युनिकोडमध्ये, असा हा प्रवास.

त्यानंतर दोन महिनेही झाले नव्हते. २६ ऑक्टोबर २०२५ला सुदानच्या दारफुरमधलं अल-फाशर शहर सुमारे दीड वर्षाच्या वेढ्यानंतर रॅपिड सपोर्ट फोर्सेस या निमलष्करी दलाच्या हाती पडलं. तिथे लोकांना जमात पाहून मारलं गेल्याचे अहवाल आले. ज्या जमातींची नावं त्यात पुन्हा पुन्हा येत होती, त्यात झगावा होते.

म्हणजे सप्टेंबरमध्ये झगावांच्या अक्षरांना जगभरच्या फोनसाठी हक्काचे नंबर मिळाले आणि ऑक्टोबरमध्ये झगावांना स्वतःच्या शहरात राहायची सोय उरली नाही. या दोन बातम्या दोन वेगळ्या पानांवर जातात. पहिली टेक्नॉलॉजीच्या पानावर, दुसरी परदेशाच्या. त्या एकत्र वाचल्या तर एक प्रश्न समोर येतो. लिपी वाचवणं म्हणजे अक्षरं वाचवणं की ती लिहिणारा हात वाचवणं?

नंबर मिळाला, पुढे?

आधी युनिकोडचं काम समजून घेऊ. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर 'क' टाइप करता, तेव्हा फोन 'क'चं चित्र पाठवत नाही. तो एक नंबर पाठवतो. 'क'चा नंबर आहे ०९१५. समोरचा फोन तो नंबर वाचून स्वतःच्या फॉन्टमधला 'क' दाखवतो. जगातल्या प्रत्येक अक्षराला असा एकच पक्का नंबर देण्याचं काम युनिकोड करतं. ज्या लिपीला नंबर नाही तिच्यात मेसेज करता येत नाही, सर्च करता येत नाही, ई-पुस्तक काढता येत नाही. फार तर कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवायचा.

हा नंबर मिळवणं सोपं नसतं. लिपी खरंच वापरात आहे किंवा होती, याचे पुरावे गोळा करावे लागतात. प्रत्येक अक्षराचे नमुने जोडून प्रस्ताव करावा लागतो, त्यावर प्रश्नोत्तरं होतात आणि यात वर्षं जातात. छोट्या समाजांना हे एकट्याने झेपत नाही. म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले कॅम्पसमध्ये २००२पासून 'स्क्रिप्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह' नावाचा प्रकल्प चालतो. शंभराहून जास्त लिप्यांना त्याने युनिकोडच्या दारापर्यंत पोचवलंय. आज युनिकोडमध्ये १७२ लिप्या आहेत. हे काम मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण सतराव्या आवृत्तीची यादी पुन्हा बघा. बेरिया एर्फेच्या सोबतच तिथे सिडेटिक नावाची लिपी आहे. ती तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या सिदे या प्राचीन शहराची, इसवी सनापूर्वीची. मोजके शिलालेख आणि नाणी एवढाच तिचा संसार उरलाय. तिच्यात आज कुणी चिठ्ठी लिहीत नाही. युनिकोडच्या यादीत मात्र दोघींचा दर्जा सारखा. त्यात युनिकोडची चूक काही नाही, त्याचं काम नंबर देण्याचं आहे. लिपी जिवंत आहे की मेलेली, हे नंबर सांगत नाही. ते ठरतं वर्गात कोण बसलंय आणि कोण शिकवतंय यावरून.

दोन भावांची बंद खोली

हे ज्यांनी बरोब्बर ओळखलं होतं, ते दोन शाळकरी भाऊ होते. साल १९८९, पश्चिम आफ्रिकेतला गिनी देश. इब्राहिमा बॅरी १४ वर्षांचा, अब्दुलाये १० वर्षांचा. त्यांची भाषा फुलानी. चार कोटींहून जास्त लोक ती बोलतात, पण तिला स्वतःची लिपी नव्हती. लोक अरबी अक्षरांत जमेल तसं लिहायचे. सिंधीत असतात तसे आत श्वास ओढून काढायचे 'ब' आणि 'ड' फुलानीत आहेत, ते अरबीत कुठून येणार? प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने वेळ मारून न्यायचा. मग आलेली पत्रं वाचून घ्यायला लोक या मुलांच्या वडिलांकडे यायचे आणि वडिलांनाही ती लावता लावता घाम फुटायचा.

शाळेतून आलं की हे दोघे खोलीचं दार लावून घ्यायचे. डोळे मिटून कागदावर आकार काढायचे आणि मग त्यातले बरे वाटतील ते निवडायचे. असं करत २८ अक्षरं आणि दहा अंक तयार झाले. लिपीचं आजचं नाव अ‍ॅडलम. ती अक्षरं ज्या शब्दांची आद्याक्षरं आहेत, त्यांचा अर्थ साधारण असा, लोकांना नाहीसं होण्यापासून वाचवणारी वर्णमाला.

खरी हुशारी पुढे आहे. भावांनी आधी बहिणीला शिकवलं, मग बाजारातल्या लोकांना. आणि अट घातली की शिकलेल्याने आणखी तिघांना शिकवायचं. पुस्तकं हाताने उतरवून काढली जायची. कॉम्प्युटर, फॉन्ट यातलं काहीच नसताना ही लिपी बाजाराबाजारातून पसरत गेली, सीमा ओलांडून शेजारच्या देशांत गेली.

आणि मग अडचण आली. २००२मध्ये त्यांच्या गटाच्या बैठकीवर धाड पडली. इब्राहिमाला तीन महिने तुरुंगात ठेवलं. आरोप काय, ते सांगितलं नाही. पुढे दोन्ही भाऊ अमेरिकेत स्थायिक झाले. २०१६मध्ये अ‍ॅडलमला युनिकोडमध्ये जागा मिळाली, २०१९मध्ये ती विंडोजमध्ये आली. आज फोनवर अ‍ॅडलममध्ये चॅट करता येतं. ही यशोगाथा म्हणून सांगितली जाते आणि ती आहेच. पण तिच्यातली घटनांची साखळी बघा. आधी माणसं, मग तुरुंग, मग परदेश आणि शेवटी फॉन्ट. तुरुंगातून इब्राहिमा सुटलाच नसता तर? फॉन्टसाठी प्रस्ताव घेऊन कोण गेलं असतं?

जे सुटले नाहीत

'तर?' हा प्रश्न कल्पनेतला नाही, त्याची उत्तरं इतिहासात आहेत.

१९५९मध्ये व्हिएतनाम आणि लाओसच्या सीमेवरच्या डोंगरात शाँग लू यांग नावाच्या एका ह्माँग शेतकऱ्याने आपल्या भाषेसाठी लिपी तयार केली. तिचं नाव पहावह ह्माँग. हा माणूस स्वतः निरक्षर होता. कुठलीच लिपी येत नसताना त्याने पूर्ण लिपी उभी केली, नंतर ती टप्प्याटप्प्याने सुधारली. भाषातज्ज्ञ आजही याबद्दल आश्चर्य करतात. तिची एक गंमत म्हणजे उच्चारात व्यंजन आधी आणि स्वर नंतर येत असला, तरी लिहिताना स्वर आधी लिहितात.

पण तो काळ युद्धाचा होता. साक्षर होणाऱ्या, स्वतःचं काहीतरी उभारणाऱ्या ह्माँगांचा नेता म्हणून कम्युनिस्टांना तो शत्रूचा माणूस वाटला. आणि सरकारी बाजूला तो कम्युनिस्टांचा वाटला. १९६७मध्ये सरकारी बाजूने त्याला कैदेत टाकलं. बाहेर आल्यावर १९७१च्या फेब्रुवारीत त्याची हत्या झाली. शिष्यांनी लिपी जपली, २०१४मध्ये तिला युनिकोडचे नंबरही मिळाले. पण आज बहुतेक ह्माँग मिशनऱ्यांनी बनवलेल्या रोमन पद्धतीने लिहितात. पहावह वापरणारे थोडके.

आणखी मागे गेलं तर आपल्या सिक्कीममध्येच अठराव्या शतकात तेयोंग्सी सिरीजंगा होऊन गेले. लिंबू लोकांची लिपी त्यांनी पुन्हा उभी केली, गावोगाव फिरून शिकवली. ज्ञान आणि धर्म यांवर ज्यांची सत्ता होती त्यांना हे रुचलं नाही. १७४१मध्ये त्यांना ठार मारण्यात आलं. झाडाला बांधून बाण मारले, अशी आठवण लिंबू समाजात सांगितली जाते. आज ती लिपी त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि लिंबू भाषा सिक्कीमच्या शाळांमध्ये शिकवली जाते. पण मधली जवळजवळ दोन शतकं हातातून गेली.

अक्षरांना एवढं काय घाबरायचं?

हा प्रश्न कुणालाही पडेल. लिपी म्हणजे शेवटी रेघोट्याच ना? शेतकरी, शाळकरी पोरं, गावोगाव फिरणारा मास्तर यांना सत्तेने का घाबरावं?

एक कारण असं की लिपी आली की मधला माणूस जातो. पत्र वाचून घ्यायला, कोर्टाची नोटीस समजून घ्यायला, धर्मग्रंथाचा अर्थ विचारायला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागत नाही. ज्यांची सत्ता त्या दारावर अवलंबून असते त्यांना हे परवडत नाही. दुसरं कारण, लिपी ही आपण वेगळे आहोत याची उघड निशाणी असते. भाषा कानांनी ऐकावी लागते, लिपी दुकानाच्या पाटीवर दिवसाढवळ्या दिसते. तिसरं, लिपी सीमा ओलांडते. पलीकडच्या देशातल्या आपल्या लोकांचं लिखाण वाचता यायला लागलं की सरकारं अस्वस्थ होतात.

म्हणूनच सत्तेला माणसं बदलायची असतात, तेव्हा ती बरेचदा लिपीला हात घालते. मंगोलियात १९४०च्या दशकात सोव्हिएत प्रभावाखाली उभ्या ओळींची जुनी मंगोल लिपी बाजूला पडली आणि रशियन अक्षरं आली. आजोबांची पत्रं नातवाला वाचता येईनात.

या मंगोल लिपीचं आजचं चित्र तर विचित्रच आहे. स्वतंत्र मंगोलियात १ जानेवारी २०२५पासून सरकारी कागदपत्रं रशियन आणि जुन्या, अशा दोन्ही लिप्यांत करायची असा कायदा आहे. म्हणजे तिथे ती परत येतेय. आणि सीमेपलीकडे, चीनच्या ताब्यातल्या आंतर मंगोलियात, जिथे ती कधी थांबलीच नव्हती, तिथे २०२०मध्ये शाळांमधले महत्त्वाचे विषय मंगोलऐवजी चिनी माध्यमातून शिकवण्याचा आदेश आला. पालकांनी मुलांना शाळेत पाठवणं बंद केलं, निदर्शनं झाली, ती दडपली गेली. लिपी तीच, युनिकोडचे नंबर तेच. फरक पडला तो शाळेत कुणाचं चालतं याने.

पुस्तक आहे, संपादक तुरुंगात

फॉन्ट असून काय होतं, याचं सगळ्यात बोचरं उदाहरण उइगुरांचं. चीनच्या शिनजियांग प्रांतातले हे लोक आपली भाषा अरबी वळणाच्या लिपीत लिहितात. साठ-सत्तरच्या दशकांत सरकारने त्यांच्यावर लॅटिन अक्षरं आणली होती, ऐंशीच्या दशकात जुनी लिपी परत मिळाली. आज तिला कीबोर्ड आहे, फॉन्ट आहेत, युनिकोडमध्ये जागा आहे. तांत्रिकदृष्ट्या कसलीच अडचण नाही.

आता माणसांकडे बघू. शाळेची उइगुर पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्यांत यालकुन रोझी हे लेखक आणि समीक्षक होते. त्यांना २०१८मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली. २०२१मध्ये शिनजियांगच्या शिक्षण खात्याचे माजी प्रमुख सत्तार सावुत यांना याच पुस्तकांवरून देहदंड सुनावला गेला, दोन वर्षांच्या स्थगितीसह. ही पुस्तकं चोरून छापलेली नव्हती. ती सरकारमान्य होती, अनेक वर्षं शाळांत चालू होती. कालपर्यंत जो अभ्यासक्रम होता, तो आज गुन्हा ठरला.

राहिले दावुत या उइगुर लोकसाहित्याच्या नावाजलेल्या अभ्यासक. शिनजियांग विद्यापीठात शिकवायच्या. गावोगावच्या दर्ग्यांवर जाऊन तिथल्या कथा, गाणी, रिवाज त्यांनी टिपून ठेवले. डिसेंबर २०१७मध्ये त्या बेपत्ता झाल्या. त्यांना जन्मठेप झाल्याचं जगाला पक्कं कळलं ते थेट सप्टेंबर २०२३मध्ये, आणि तेही अमेरिकेतल्या दुई हुआ फाउंडेशन या मानवाधिकार संस्थेमुळे. आरोप राष्ट्राच्या सुरक्षेला धोका पोचवल्याचा. मधली पावणेसहा वर्षं त्या कुठे आहेत हे घरच्यांनाही नीट माहीत नव्हतं.

त्यांची पुस्तकं परदेशातल्या लायब्ररींत आहेत. ती वाचता येतात. पण पुस्तकात न आलेलं, त्यांच्या डोक्यात आणि वहीत असलेलं, त्यांच्या विद्यार्थ्यांना त्या पुढे शिकवणार होत्या ते सगळं त्यांच्यासोबत गजाआड आहे. याला कुठला नंबर देणार?

विद्वान कुणाला म्हणायचं?

छळ होणाऱ्या अभ्यासकांना मदत करणाऱ्या संस्था जगात आहेत. त्यातली सर्वांत जुनी 'कारा'. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मन विद्यापीठांतून हाकललेल्या प्राध्यापकांसाठी ती १९३३मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली. १९९९मध्ये शिकागो विद्यापीठात सुरू झालेली 'स्कॉलर्स अ‍ॅट रिस्क' आज न्यूयॉर्कमधून चालते. जगभरच्या विद्यापीठांचं ते जाळं आहे. धोक्यातल्या अभ्यासकाला एक-दोन वर्षांसाठी दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात जागा मिळवून द्यायची, तुरुंगात असलेल्यांसाठी आवाज उठवत राहायचा, हे तिचं काम. २०२०मध्ये तिने राहिले दावुत यांना 'करेज टू थिंक' पुरस्कार दिला. तो घ्यायला त्या अर्थातच नव्हत्या.

भारतालाही हे नवं नाही. नाझींमुळे नोकरी गेलेले भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न यांना सी. व्ही. रामन यांनी १९३५मध्ये बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बोलावलं होतं. रामन यांची इच्छा होती की बॉर्न यांनी कायमचं इथेच राहावं. संस्थेतल्या विरोधामुळे ते जमलं नाही आणि बॉर्न एडिनबरोला गेले. पुढे १९५४मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एक दार उघडलं असतं तर काय झालं असतं, याचा हा आपल्याच घरातला धडा.

पण या मदतीच्या रचनेत एक फट आहे आणि आपल्या विषयासाठी तीच कळीची आहे. या योजना मुळात विद्यापीठातल्या माणसांसाठी आखलेल्या आहेत. अर्जदाराकडे पदव्या, संशोधन, शिकवण्याचा अनुभव आहे का, हे पाहिलं जातं. राहिले दावुत यांच्यासारख्यांना ही चौकट लागू पडते. पण लिपीसाठी झटणाऱ्यांची यादी आठवा. निरक्षर शेतकरी, शाळकरी पोरं, शाळामास्तर, गुरांचे डॉक्टर, गावोगाव फिरणारे गुरुजी. यातल्या किती जणांना तो अर्ज भरता आला असता? युनिकोडला त्यांच्या अक्षरांचे नमुने हवे असतात, विद्यापीठांना त्यांच्यावर पेपर लिहायचे असतात. त्यांच्यावर संकट आलं की मात्र ते 'स्कॉलर' ठरत नाहीत.

माझ्या मते उपाय इथूनच सुरू होतात. लिप्यांसाठी निधी देणाऱ्यांनी फॉन्टसोबत शिकवणाऱ्याच्या पगाराचा आणि सुरक्षेचाही विचार करायला हवा. अभ्यासकांना आसरा देणाऱ्या योजनांमध्ये पदवीऐवजी काम पाहणारी एक खिडकी असायला हवी. आणि छळाच्या बातमीत 'कार्यकर्ता अटकेत' एवढंच न लिहिता, त्या माणसासोबत कुठलं ज्ञान अडकलंय हेही आम्ही पत्रकारितेतल्या मंडळींनी सांगायला हवं.

जेलमधून शाळेत

हे सगळं वाचून हताश व्हायचं कारण नाही. मोरोक्कोचं उदाहरण बघा. तिथल्या अमाझिग लोकांची तिफिनाग ही लिपी, तिची मुळं दोन हजारांहून जास्त वर्षं जुनी. १ मे १९९४ला एर्राशिदिया गावातल्या कामगार दिनाच्या मोर्चात काही कार्यकर्ते तिफिनागमध्ये लिहिलेले फलक घेऊन चालले. त्यात शिक्षकही होते. फलकावरच्या मागण्या भाषेच्या हक्काच्या होत्या. त्यांना अटक झाली. यावर देशभर आणि बाहेरही ओरड झाली. २००१मध्ये अमाझिग संस्कृतीसाठी शाही संस्था स्थापन झाली, २००३मध्ये शाळांसाठी तिफिनाग निवडली गेली, २०११च्या राज्यघटनेत भाषेला अधिकृत दर्जा मिळाला. युनिकोडचे नंबर आले २००५मध्ये, म्हणजे शाळेनंतर. ज्या अक्षरांसाठी लोक तुरुंगात गेले, ती आज सरकारी कचेऱ्यांच्या पाट्यांवर आहेत. शिक्षक पुरेसे नाहीत ही तक्रार तिथे आजही आहे. पण क्रम बरोबर आहे, आधी माणसं सुटली आणि मग लिपी सुटली.

आणि आपण?

तुम्ही म्हणाल, आपण तर मराठीसुद्धा रोमन अक्षरांत टाइप करतो, मग काय बिघडलं? काहीच नाही, कारण ती आपली निवड आहे. उद्या आपल्याला देवनागरीत लिहावंसं वाटलं तर कुणी घरावर धाड घालणार नाही. सोय म्हणून लिपी बदलणं आणि भीतीने बदलणं यात हाच फरक.

मात्र सोयीनेही लिपी जाते, हे आपल्या घरातच दिसतं. मोडीवर कुणी बंदी घातली नाही, मोडी शिकवणाऱ्याला कुणी तुरुंगात टाकलं नाही. छपाईला बाळबोध सोयीची पडली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळेतून गेली. शेकडो वर्षांचे कागद दफ्तरखान्यांत पडून आहेत आणि ते वाचू शकणारे कमी आहेत. मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली २०१४मध्ये, पहावह ह्माँग आली त्याच आवृत्तीत. २०२५मध्ये आयआयटी रुरकीने मोडी कागद वाचून देवनागरीत उतरवणारं एआय मॉडेल जाहीर केलं. पण एआयला शिकवायलाही आधी मोडी वाचता येणारी माणसं लागतात. ती तयार करायला आपल्याकडे ना युद्धाची अडचण, ना धाडीची. पुराभिलेख विभागाचे आणि विद्यापीठांचे छोटे मोडी वर्ग असतात, सुटीत करण्यासारखे. इब्राहिमाच्या अटीवर, म्हणजे शिकल्यावर आणखी तिघांना शिकवायच्या बोलीवर, कॉलेजातल्या एका गटाने हे मनावर घेतलं तरी पुष्कळ होईल.

आणि ज्यांच्याकडे ही मोकळीक नाही त्यांच्यासाठी? 'स्कॉलर्स अ‍ॅट रिस्क' विद्यापीठांमध्ये विद्यार्थ्यांसाठी खास अभ्यासवर्ग चालवतं. विद्यार्थी तुरुंगातल्या एका अभ्यासकाचं प्रकरण हाती घेतात, त्याचा पूर्ण अभ्यास करतात, लोकप्रतिनिधींना पत्रं लिहितात, ते नाव विसरलं जाऊ देत नाहीत. आपल्याकडे भाषाशास्त्र, कायदा, मास कम्युनिकेशन आणि आंतरराष्ट्रीय संबंध शिकणारी हजारो मुलं दर वर्षी प्रोजेक्टसाठी विषय शोधत असतात. आपल्या प्राध्यापकांना हे विचारायला काय हरकत आहे?

राहिले दावुत यांना जन्मठेप आहे. त्यांच्या वयाची साठी आता उलटतेय. दारफुरमधून निसटलेले अनेक झगावा चाडमधल्या छावण्यांत राहताहेत. त्यांची अक्षरं आता फोनमध्ये आली आहेत. ती गिरवून घ्यायला छावणीतल्या पोरांना एक फळा आणि एक मास्तर हवाय.